रेसिंग इंजिनमधल्या व्हॉल्व स्प्रिंगवरचा ताण कसा मोजायचा आणि आटोक्यात कसा ठेवायचा

वरच्या आरपीएमला इंजिन अडखळलं की बरेच जण व्हॉल्व बंद करणारी स्प्रिंग सरळ अजून कडक टाकून मोकळे होतात. कृपा करून असं करू नका, आधी मोजा. ९००० आरपीएमला (मिनिटाला ९००० फेरे) व्हॉल्व उघडणारा कॅम ४५०० फिरतो, म्हणजे एकच स्प्रिंग सेकंदाला ७५ वेळा दबते आणि सुटते.

आपल्याला स्प्रिंग दबताना दिसते, पण तारेला खरं तर पीळ बसत असतो आणि वेटोळ्याच्या आतल्या बाजूला हा ताण सगळ्यात जास्त असतो. तार बंद व्हॉल्वचा आणि पूर्ण उघड्या व्हॉल्वचा ताण यांच्यामध्ये सतत वरखाली होत राहते, आणि थकते ती या फरकानेच.

आता हिशोब. समजा बसवलेली उंची ४१ मिमी, तेव्हाचा जोर ५०० न्यूटन, स्प्रिंग रेट (एक मिमी दाबायला लागणारा जादा जोर) मिमीला ४० न्यूटन आणि व्हॉल्व लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडतो ते अंतर, १४ मिमी. पूर्ण उघडल्यावर जोर ५०० अधिक ५६०, म्हणजे १०६० न्यूटन, आणि उंची उरली २७. वेटोळी एकमेकांना टेकतात ती उंची २५ असेल तर मोकळी जागा २ मिमी. साधारण दीड मिमी तरी हवीच, पण उगाच खूप ठेवली तरी बरं नाही, कारण मग मधल्या वेटोळ्यांना थरथरायला रान मोकळं मिळतं. खाली १ मिमीची शिम (पातळ चकती) घातलीत तर दोन्ही जोर ४० न्यूटनने वाढतात आणि जागा मात्र १ मिमीने कमी होते, हे शिम घालताना हमखास विसरलं जातं.

ही थरथर म्हणजे सर्ज, आणि माझ्या मते खरा शत्रू हाच. कॅमचे धक्के स्प्रिंगच्या स्वतःच्या कंपनांशी जुळले की तारेतून लाटा धावतात आणि हिशोबात न धरलेला ताण वर चढतो. म्हणून आधी हलका रिटेनर (स्प्रिंगला वरून धरणारी टोपी), वर निमुळती होणारी बीहाइव्ह स्प्रिंग किंवा घासून कंपनं मारणारी डबल स्प्रिंग यांचा विचार करा, जोर वाढवायचं नंतर बघू.

तुटलेली स्प्रिंग फेकू नका, तुटलेलं तोंड भिंगाखाली धरा. बहुतेकदा तार तिरकी तुटलेली असते आणि कडेला एक बारीक ठिपका दिसतो, भोवती गुळगुळीत आणि पुढे खरबरीत. तो ठिपका म्हणजे गंजाचा खड्डा, पक्कडीचा ओरखडा नाहीतर पोलादातलाच दोष. शॉट पीनिंगने, म्हणजे बारीक गोळ्यांच्या माऱ्याने, पृष्ठभागावर जो दाबाचा थर तयार केलेला असतो तो एका ओरखड्याने फुटतो, म्हणून स्प्रिंग व्हाइसमध्ये पकडायची नाही, ग्राइंडर लावायचा नाही, ठेवताना तेल लावूनच ठेवायची.

नवीन स्प्रिंगला पहिल्यांदा मध्यम आरपीएमवर तापू द्या, मग पूर्ण गार करा आणि जोर परत मोजून लिहून ठेवा. पुढे प्रत्येक रेसनंतर याच आकड्याशी ताडून बघा, १० टक्के उतरला की अख्खा सेट बदला.