रस्ता सुरक्षेची मार्गदर्शिका लिहायला बसण्याआधी

मागे देशभरासाठीच्या मार्गदर्शिकेतलं घाट आणि किनारपट्टीच्या रस्त्यांचं प्रकरण आमच्याकडे आलं होतं आणि माझ्या हातून ते फुकट गेलं, म्हणून आता हे लिहितोय.

नकाशे, पोलिसांकडची अपघातांची नोंद, कॅमेरा घ्यालच. ब्लॅक स्पॉटची, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेची, व्याख्या पहिल्या पानावर घ्या: साधारण ५०० मीटरचा तुकडा, ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमांचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. आणि लगेच खाली लिहा की यात न बसणारं वळणसुद्धा धोक्याचं असू शकतं, नाहीतर पाचव्या अपघाताची वाट बघत बसतील.

इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) मानकं जवळ ठेवा, फलकांसाठी आयआरसी ६७, रस्त्याच्या सुरक्षा तपासणीसाठी (ऑडिट) आयआरसी एसपी ८८, पण त्यातले परिच्छेद उतरवू नका. शाखा अभियंत्याला उद्या सकाळी कुठे जाऊन काय बघायचं ते हवं असतं.

आता मुख्य गोष्ट. मसुदा मैलकुलीला, म्हणजे रस्त्याची रोजची देखभाल करणाऱ्या कामगाराला, वाचून दाखवा. मी प्राध्यापकांना दाखवला, सल्लागारांना दाखवला, रोज रस्त्यावर कोयता घेऊन चालणाऱ्या माणसाला नाही दाखवला. त्यात फलकांची पाहणी वर्षातून एकदा, मार्चमध्ये, असं लिहिलं होतं. अहो, मार्चमध्ये कोकण किनाऱ्याच्या रेवस-रेड्डी रस्त्यावर सगळंच दिसतं! जुलैत रान माजतं, वळणाचा बाण वेलींखाली जातो, जांभ्याची लाल माती वाहून येऊन पांढरे पट्टे झाकते, आणि मग त्याच रस्त्यांवर गणपतीला चाकरमानी रात्रीच्या गाड्या घेऊन येतात. छापील प्रत बघून एक मैलकुली म्हणाला, "साहेब, पावसात कोण बघणार?" एका वाक्यात चूक सापडली, पण छपाई झालेली. म्हणून छापायच्या आधी दाखवा. एसटीच्या ड्रायव्हरलाही दाखवा, पण मैलकुलीला आधी.

बाजारपेठेतून जाणाऱ्या रस्त्यावर चालणाऱ्यांचा विचार आधी, शाळेची पोरं, पाट्या घेतलेल्या कोळणी, मग गाड्या.

प्रत्येक कामापुढे जबाबदार माणसाचं पद हवंच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८अ आलंय, रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर १ लाखापर्यंत दंड आहे.

बाकी: मराठी प्रत, आपल्याच रस्त्यांचे फोटो, एका तालुक्यात आधी वापरून बघणं, रात्रीची एक फेरी.

आणि मैलकुली दुपारी जेवायला सावलीत बसतो तेव्हा भेटतो, ऑफिसात बोलावून घेऊ नका, तिथे तो सगळ्याला हो म्हणेल.