आईच्या विम्याचे पैसे आणि ते रोजचे फोन

इंदूरला रामबागेत आई एकटी राहते. २०२२ साली बँकेतल्या माणसाने मुदत ठेव म्हणून तिच्या गळ्यात जे मारलं, ती दरवर्षी ६०,००० भरायची विमा पॉलिसी निघाली. दोन हप्ते भरून ती थांबली. मग फोन सुरू झाले: "माताजी, पूरा पैसा बोनस के साथ वापस मिलेगा, बस फाइल चार्ज १८,५०० लगेगा." पॉलिसी क्रमांक, हप्त्याची तारीख, सगळं त्यांना पाठ. म्हणूनच आईचा विश्वास बसला. तिने चेक लिहून ठेवला होता. नशिबाने मी त्याच दिवशी घरी पोचलो.

या कामाला खरं तर दमडी लागत नाही. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं: वय ७१, उत्पन्न फक्त पेन्शन, फॉर्मवर मात्र 'व्यवसाय' लिहिलेलं. हीच विसंगती पुढे कामी आली. तीच तक्रार आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) बीमा भरोसा पोर्टलवर टाकली (१५५२५५ वर फोन करूनही नोंदवता येते). महिना उलटला, उत्तर नाही. मग भोपाळच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. फी नाही, वकील नाही. सुनावणीत आई स्वतः बोलली, जराही न अडखळता. दोन्ही हप्ते परत मिळाले.

फोन करणाऱ्यांचे नंबर मी संचार साथी या सरकारी पोर्टलच्या 'चक्षू'वर, म्हणजे संशयास्पद फोन कळवायच्या सोयीवर, नोंदवले. शेजारच्या काकूंनी मात्र तोवर पैसे भरून टाकले होते. त्यांच्यासाठी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, थोडी रक्कम तरी गोठवता आली.