दोन बँकांची वेल्थ मॅनेजमेंट ताडून कशी बघायची

रत्नागिरीत माझं कर सल्लागाराचं काम आहे. येणारे लोक म्हणजे आंबा बागायतदार, ट्रॉलरवाले, निवृत्त शिक्षक, बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलांचे आईवडील आणि अलीकडे मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेलेली मंडळी. मोबदल्याची रक्कम खात्यात पडली की बँकेचा फोन आलाच समजा, "सर, तुमच्यासाठी खास रिलेशनशिप मॅनेजर दिलाय." पाठोपाठ दुसऱ्या बँकेचाही येतो. मग विवरणपत्र भरायच्या निमित्ताने दोन्हीकडच्या वेल्थ मॅनेजमेंटचे, म्हणजे पैसे कुठे गुंतवायचे ते सांगणाऱ्या सेवेचे, गुळगुळीत कागद माझ्या टेबलावर येतात आणि प्रश्न येतो, यातली बरी कुठली?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. म्युच्युअल फंडाचा परतावा बँकेने कमावलेला नसतो, तो फंड हाऊसने, म्हणजे फंड चालवणाऱ्या कंपनीने, कमावलेला असतो. बँक बहुतेक वेळा वितरक असते. नावात बँकेचं नाव असलेलं फंड हाऊससुद्धा वेगळी कंपनी असते. त्यामुळे "आमच्याकडच्या फंडाने 18 टक्के दिले" या वाक्यावरून बँकेची कामगिरी कळत नाही, कारण तोच फंड समोरच्या बँकेतही मिळतो. बँकेने काय निवडून दिलं, त्याचा खर्च किती लावला, मध्येच किती वेळा उलटापालट केली आणि विचारल्यावर उत्तर सरळ दिलं का, एवढंच बँकेच्या खात्यावर धरायचं.

वाशीला पेट्या पाठवणारा बागायतदार दलालाचा गाळा किती चकचकीत आहे ते बघत नाही, पट्टी बघतो. भाव काय लागला, हमाली-तोलाई-भाडं किती कापलं, हातात काय आलं. इथली पट्टी म्हणजे एकत्रित खाते विवरण, ज्याला सगळे कॅस म्हणतात. कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर पॅन आणि नोंदवलेला ईमेल टाकला की फुकट मिळतं. मागताना 'सविस्तर' निवडा आणि कालावधी पहिल्या गुंतवणुकीपासूनचा घ्या. बँकेने छापून दिलेला पोर्टफोलिओ रिपोर्ट घेऊन बसू नका. त्यात विकून टाकलेले फंड बहुधा दिसत नाहीत, आणि नेमके नुकसानीतले फंड विकलेले असतात.

आता आकडे. राजापूरकडचे एक काका दोन बँकांचे कागद घेऊन आले होते. दोन्हीवर मोठ्या अक्षरात '40 टक्के नफा'. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "बाय, बाकीचा रवांदे, माझे पैसे किती वाढले ता सांग." त्यांचे खरे आकडे इथे देत नाही, पण हिशोब कसा होतो ते बघा. समजा, पहिल्या बँकेतून 1 एप्रिल 2021 ला 10 लाख गुंतवले, 1 एप्रिल 2023 ला आणखी 5 लाख, आणि 1 एप्रिल 2025 ला किंमत झाली 21 लाख. दुसऱ्या बँकेतून 15 लाख एकदमच 1 एप्रिल 2021 ला, आणि त्याचेही त्याच दिवशी 21 लाख. घातले 15, झाले 21, दोन्हीकडे 40 टक्के.

एक्सेल उघडा. एका रांगेत तारखा, शेजारी रकमा. तुमच्या खिशातून गेलेली रक्कम उणे चिन्हाने, आजची किंमत शेवटच्या ओळीत अधिक चिन्हाने. मग एक्सआयआरआर हे सूत्र लावा, आधी रकमांच्या पेशी, मग तारखांच्या. पहिल्या बँकेचा वार्षिक परतावा येतो साधारण 10.5 टक्के, दुसऱ्या बँकेचा 8.8. पहिल्या बँकेत पाच लाख दोन वर्षं कमी राबले आणि तरी तेवढेच झाले, हे '40 टक्के'मध्ये कुठे दिसत होतं? मोबाईलवरच्या गूगल शीट्समध्येही हे सूत्र चालतं, त्यामुळे संगणक नाही ही सबब नको.

नुसत्या 10.5 ला मात्र अर्थ नाही. त्याच तारखांना तेच पैसे निफ्टी 50 च्या टोटल रिटर्न इंडेक्सवर असते तर काय झालं असतं, ते शेजारच्या रांगेत मांडा. नुसता निफ्टी घेऊ नका, त्यात लाभांश धरलेला नसतो. फेब्रुवारी 2018 पासून फंडांनाही टोटल रिटर्नशीच तुलना करावी लागते, मग बँकेला सवलत का द्यायची? पैसे अर्धे शेअरमध्ये आणि अर्धे कर्जरोख्यांत असतील तर अर्ध्याला हा निर्देशांक आणि अर्ध्याला मुदत ठेवीचा दर लावा. पूर्णपणे शेअरबाजारात पैसे टाकणारी बँक तेजीच्या काळात नेहमीच हुशार दिसते.

पुढचा मुद्दा खर्चाचा, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेते. कॅसमध्ये फंडाच्या नावापुढे 'रेग्युलर' असेल तर वितरकाचं कमिशन फंडाच्या खर्चातून जातंय. 'डायरेक्ट' योजना जानेवारी 2013 पासून आहेत, त्यात हे कमिशन नसतं. फरक एक टक्क्याचा धरला तरी 10 लाखांचे 20 वर्षांत 12 टक्क्यांनी सुमारे 96 लाख होतात, 11 टक्क्यांनी सुमारे 81 लाख. डायरेक्टच घ्या असं मी म्हणत नाही. सल्ला चांगला असेल तर त्याचे पैसे द्यावेत. पण किती देतोय ते ठाऊक हवं. सहामाही कॅसमध्ये तुमच्या गुंतवणुकीवर वितरकाला किती कमिशन मिळालं ते रुपयांत छापलेलं असतं. बहुतेक जण ते पान उघडतच नाहीत. दोन्ही बँकांचा तो आकडा त्यांच्याकडच्या तुमच्या रकमेने भागा आणि शेजारी शेजारी लिहा.

उलटापालट मोजायची तर कॅसमधल्या 'स्विच' (एका योजनेतून दुसरीत) आणि 'रिडेम्प्शन' (विक्री) असं लिहिलेल्या ओळी रंगवा. शेअरवाला फंड वर्षाच्या आत विकला तर बऱ्याच योजनांत 1 टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचं शुल्क, वर अल्पकालीन नफ्यावर 23 जुलै 2024 पासून 20 टक्के कर. वर्षानंतर विकला तर सव्वा लाखावरच्या नफ्यावर 12.5 टक्के. 'पोर्टफोलिओ रिबॅलन्स केला' असं गोड नाव असलेल्या प्रत्येक ओळीला मॅनेजरने कारण दिलं पाहिजे, तेही ईमेलवर.

बँक एकूणच कशी वागते ते बघायचं असेल तर फंड हाऊसेसची संघटना असलेल्या अ‍ॅम्फीच्या संकेतस्थळावर मोठ्या वितरकांच्या कमिशनचा वार्षिक तक्ता असतो. त्यात बँकाही असतात. कमिशन, वर्षभरात आलेली एकूण रक्कम, बाहेर गेलेली वजा करून उरलेली निव्वळ रक्कम आणि व्यवस्थापनाखालची मालमत्ता, सगळं शेजारी शेजारी. आलेले 100 आणि उरलेले 10, असं दिसलं तर पैसा टिकत नाही. कंपन्यांचे लिक्विड फंडातले, म्हणजे थोड्या दिवसांपुरते ठेवलेले, पैसे रोज आत-बाहेर होतात, त्यामुळे एका वर्षावर जाऊ नका, तीन-चार वर्षांचे तक्ते लावून बघा.

बँक मोठी, म्हणून पैसा टिकतो असंही नाही. क्रेडिट सुईस ही स्वित्झर्लंडची बँक, संपत्ती व्यवस्थापनातलं केवढं नाव! 2022 च्या शेवटच्या तिमाहीत तिथून ग्राहकांनी 110 अब्ज फ्रँकहून अधिक काढून नेले आणि 2023 मध्ये ती यूबीएस या तिथल्याच दुसऱ्या बँकेच्या पोटात गेली.

'गॅरंटीड इन्कम'वाली विमा पॉलिसी कॅसच्या हिशोबात येतेच असं नाही, म्हणून ती हाताने मांडा. दरवर्षी सुरुवातीला 1 लाख असे 10 वर्षं भरले आणि पंधराव्या वर्षाअखेर 18 लाख मिळाले, तर ऐकायला "दहाचे अठरा". एक्सआयआरआर येतो साडेपाच टक्क्यांच्या जरा वर. पीपीएफचा दर एप्रिल 2020 पासून 7.1 आहे. सही झालीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, त्याला फ्री लूक म्हणतात. ज्या बँकेने साठीच्या माणसाला ही पॉलिसी गुंतवणूक म्हणून विकली, तिला माझ्या वहीत थेट शेवटचा नंबर.

खात्यात 50 लाखांच्या वर दिसले की पीएमएसचा, म्हणजे तुमच्या नावाने वेगळा पोर्टफोलिओ चालवून देणाऱ्या सेवेचा, विषय निघतो, कारण तिथली किमान मर्यादाच ती आहे. शुल्क वजा जाऊन परतावा किती, एवढंच विचारा.

सेवेचं मोजमाप एका ईमेलवर होतं. दोन्ही बँकांना एकच मजकूर पाठवा. माझ्या नावावर तुमच्यामार्फत घेतलेलं सगळं काय आहे, प्रत्येकावर तुम्हाला कमिशन किती, नॉमिनी कोण लागलेत, आणि मी गेल्यावर घरच्यांनी कुठले कागद घेऊन कुठल्या शाखेत यायचं. मुलगा जहाजावर आणि सून मुंबईत असेल तर हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. वितरकाने कमिशन उघड करायचं हा सेबीचा नियम 2009 पासून आहे, त्यामुळे "ही माहिती देता येत नाही" हे उत्तर चालवून घेऊ नका. उत्तराऐवजी "सर, भेटायला येतो" असा फोन आला तर तेही त्या बँकेच्या नावापुढे लिहून ठेवा.

हे सगळं जूनमध्ये करावं. आंब्याचा हिशोब मिटलेला असतो, 1 जूनपासून मासेमारी बंद असते आणि विवरणपत्रासाठी कागद काढलेलेच असतात. दोन्ही बँकांत अर्ध्या-पाऊण टक्क्याचा फरक निघाला तर हलू नका, पुढच्या जूनला परत मांडा. फरक मोठा असेल आणि वितरक बदलायचा असेल तर युनिट्स विकायची गरज नाही. फंड हाऊसला किंवा कॅम्स-केफिनटेकला वितरकाचा एआरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, बदलण्याचा अर्ज द्या. युनिट्स तिथेच राहतात, त्यावर कर लागत नाही. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं मात्र विक्री धरली जाते, तेव्हा तो अर्ज भरण्याआधी कराचा आकडा काढून घ्या.