ऑटोमॅटिक काढून साधे गिअर टाकताय? आधी पायलट बेअरिंग पाहा

सोयाबीन विकून झालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की आमच्या शेडमध्ये जुन्या ऑटोमॅटिक डिझेल गाड्या यायला लागतात. मालकांचं मागणं ठरलेलं असतं. गिअरबॉक्स घसरतो, नवा परवडत नाही, साधे गिअर टाकून द्या, आणि होत असेल तर पिकअपही वाढवून द्या. मागणं रास्त आहे. साध्या गिअरचे पार्ट तालुक्याला मिळतात, ऑटोमॅटिकसाठी नागपूरही पुरत नाही. पण यातल्या निम्म्या गाड्या दुसरीकडे काम बिघडवून आलेल्या असतात, आणि बिघाड दरवर्षी तेच असतात. म्हणून हे लिहितो आहे.

परतवाड्याकडच्या एका संत्रा बागायतदाराची २.२ लिटर एमहॉक इंजिनची स्कॉर्पिओ आली होती. गिअर बदलण्याचं काम आधीच एका गॅरेजात झालेलं. तीन महिन्यांत दोनदा रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर प्लेट सोडवणारं) बदललं, तरी क्लच दाबून पहिला गिअर टाकला की घरघर, आणि रिव्हर्स टाकताना दातरं करकरायची. मालक अगदी रडकुंडीला आले होते. "भाऊ, गाडी घरी कमी अन् गॅरेजात जास्त राह्यते."

गिअरबॉक्स उतरवला. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, मागच्या टोकातलं पायलट बेअरिंगचं भोक रिकामं होतं.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिनमागे क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो स्वतःच क्रँकच्या त्या भोकात मध्यावर बसतो, त्यामुळे तिथे बेअरिंगची गरजच नसते आणि बहुतेक वेळा ते बसवलेलंही नसतं. साध्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं नाक मात्र त्याच बेअरिंगवर टेकतं. बेअरिंग नसेल तर शाफ्ट पुढून अधांतरी लोंबतो. क्लच दाबला तरी प्लेट नीट सुटत नाही, हबचे दाते खातात, गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग ढिलं होतं, मग ऑइल सील गळून क्लचप्लेटवर तेल येतं. या गाडीत हे सगळं झालं होतं. ज्या पोराने काम केलं होतं त्याला मी फोन लावला, तर म्हणे, "बेअरिंग कायले पाह्यजे भाऊ, गाडी तं चालू होते न!" इनपुट शाफ्ट, दोन बेअरिंग, पूर्ण क्लच सेट, एवढं सगळं नवीन टाकावं लागलं. वाचवलेली वस्तू मुठीत मावणारी होती.

माझी पद्धत अशी. भोक आतून स्वच्छ पुसायचं, व्हर्नियरने भोकही मापायचं आणि शाफ्टचं नाकही, आणि दोन्ही मापांना जुळणारं बेअरिंग आणायचं. भोक जुळत नसेल तर टर्नरकडून बुश करून घ्यायची. बेअरिंग बाहेरच्या कड्यावरच ठोकायचं. आतल्या कड्यावर हातोडी बसली की ते बेअरिंग टाकून द्यायचं. फ्लायव्हील (क्रँकवर बसणारं जड चाक) चढवायच्या आधी शाफ्टचं नाक आत घालून हाताने फिरवून पाहायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

आवाज कुठून येतो हे ओळखायलाही शिका. क्लच दाबला, गाडी गिअरमध्ये उभी आहे आणि घरघर येते, तर पायलट किंवा रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. एवढं कळलं असतं तर त्या बागायतदाराचे तीन महिने वाचले असते.

त्याच गाडीत फ्लायव्हीलला जुन्या फ्लेक्सप्लेटचे बोल्ट होते. फ्लेक्सप्लेट म्हणजे पातळ पत्रा, तिचे बोल्ट आखूड. जाड फ्लायव्हीलमधून ते क्रँकमध्ये जेमतेम दोन-तीन आटे धरतात. साध्या गिअरच्या इंजिनाचे नवीन बोल्ट घ्या आणि टॉर्क रेंचनेच आवळा. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्याच्या हाती मी फ्लायव्हील देत नाही.

आणखी एक घाई मला पाहवत नाही. गिअरबॉक्स वर चढवला, शेवटचा अर्धा इंच आत जाईना, की पोरं बोल्ट लावून ओढतात. तो जात नाही याचा अर्थ प्लेट मध्यावर नाही किंवा गिअरबॉक्स सरळ बसवणारी डॉवेल पिन जागेवर नाही. ओढलात तर प्लेटचा हब वाकेल नाहीतर केसिंगचा कान तुटेल. खाली घ्या, प्लेट सेंटर करा, परत चढवा. जॅकवर लटकलेल्या गिअरबॉक्सखाली अर्धा तास पडून राहायचा कंटाळा येत असेल, तर हे काम हाती घेऊ नका.

स्टार्टरचं दातरं फ्लायव्हीलच्या नव्या रिंगला जुळतं का ते आधी पाहा. जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरच्या नळ्या रेडिएटरपाशी पक्क्या बंद करा. डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनचं गुणोत्तर तपासा, ऑटोमॅटिकचं वेगळं असू शकतं. गिअरबॉक्सची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्टही बदलतो. तो कापून जोडला असेल तर बॅलन्स केल्याशिवाय लावू नका, आणि दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत ठेवा.

स्टार्टरच्या वायरिंगबद्दल मात्र सविस्तर सांगतो. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय चालू होत नाही. तो स्विच निघाला की लोक दोन वायरी पिळून टेप मारतात. मग गाडी गिअरमध्ये असतानाही सेल्फ लागतो. खेड्यात गाडी अंगणात उभी असते, पुढे पोरं खेळत असतात, बाजूला बैल बांधलेला असतो. क्लच पेडलवर स्विच लावा आणि सेल्फ त्यातूनच घ्या. इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि चावीचं इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) यांचं जमवायला जाणकार इलेक्ट्रिशियन लागतो, तो आधी शोधा, गाडी नंतर खोला.

आता पावर. या इंजिनाला कंपनीतूनच १२० हॉर्सपॉवर आहे. गाडी तेवढी देत नसेल तर आधी हरवलेली ताकद परत आणा. इंटरकूलरच्या होजपाइपवर साबणाचं पाणी मारून हवेचा दाब द्या, फुगे आले की चीर सापडली. आमच्याकडे कापसाचा पुंजका आणि सोयाबीनचा भुसा एअर फिल्टर कोंबून टाकतो. इजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेकमध्ये काजळीचा थर असतो. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावा, एखादी बाकीच्यांपेक्षा फार भरली तर ते इंजेक्टर पंप-नोझलवाल्याकडे न्या. एवढं करूनच कित्येक मालक समाधानाने घरी गेले आहेत.

पण नवख्यांना डबा, म्हणजे वायरिंगमध्ये जोडायचा ताकद वाढवणारा ट्यूनिंग बॉक्स, हवा असतो. त्याचं काम रेल प्रेशरच्या (डिझेलच्या दाबाच्या) सेन्सरचा आकडा कमी दाखवायचा, म्हणजे इसीएम डिझेल जास्त ढकलतो. दर्यापूरकडच्या एका पोराने तो लावला आणि मागून काळा धूर निघाला की खूश व्हायचा. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, की एक्झॉस्टचं तापमान चढतं. त्यात आमचा मे महिना. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण ९ टक्के विरळ असते. लग्नाचं वऱ्हाड भरून, एसी लावून त्याने गाडी दामटली आणि तिसऱ्या पिस्टनला भोक पडलं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही थोडा आधी मऊ पडतो. त्याच्या वडिलांनी इंजिनाचे पैसे देताना एक शब्दही काढला नाही. मला ते फार लागलं.

म्हणून मी आधी टर्बोच्या अलीकडे, मॅनिफोल्डमध्ये तापमानाचा मीटर बसवतो. चढावर काटा सलग ७०० अंशांच्या वर राहिला की पाय उचलायचा. नवीन गिअर बसवल्यावर पहिले २,००० किलोमीटर कंपनीच्याच ताकदीवर चालवायचे, मग हलका रिमॅप (इसीएममधला प्रोग्रॅम बदलणं), तोही भारी क्लच घातला असेल तरच. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये इंजिनाचा आरपीएम वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे.

कागदाचं आधी पाहा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कायद्याच्या १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओत लेखी विचारल्याशिवाय मी गाडी जॅकवर घेत नाही. विमा कंपनीलाही कळवा. पीयूसीत धुराच्या दाटपणाची मर्यादा (प्रति मीटर) बीएस-४ डिझेलला १.६२ आणि त्याआधीच्या गाड्यांना २.४५ आहे. डबा लावलेली गाडी तिथेच अडकते.

शेवटची चाचणी मी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात घेतो. वर पोचल्यावर बेलहाउसिंगखाली (क्लचवरच्या केसिंगखाली) हात फिरवून तेल पाहायचं, क्लचचा वास घ्यायचा. उतरताना दुसरा गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. तिथे गिअर निसटून न्यूट्रलला आला, तर लिंकेज आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग दोन्ही परत खोला.