सुई टोचण्याआधीचं काम

वॉर्डात पोस्टिंग लागलं की नर्सिंगच्या नव्या विद्यार्थ्यांना इंजेक्शन द्यायची भारी घाई असते. मला विचाराल तर टोचणं हा त्यातला सोपा भाग. स्नायूत ९० अंश, त्वचेखाली बहुधा ४५, त्वचेच्या थरात १० ते १५. मॉडेलवर सराव केला की हात बसतो. अवघड आहे ते त्याआधीचं वाचणं आणि विचारणं.

योग्य रुग्ण, औषध, डोस, मार्ग, वेळ हे पाच राइट्स सगळ्यांनाच पाठ असतात. गाडी घसरते ती पहिल्यावरच. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं की अर्धवट झोपेतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. पूर्ण नाव त्यांनाच सांगायला लावा, मनगटावरच्या पट्टीचा नोंदणी क्रमांक चार्टशी ताडा, ॲलर्जी विचारा. बेड नंबरवर विसंबू नका, रुग्ण हलवले जातात. लेबल तीनदा वाचायचं: औषध काढताना, भरताना आणि देण्याआधी. तिसऱ्यांदा कंटाळा येतो. येऊ दे, वाचा.

आता गणित. सूत्र साधं आहे: हवा असलेला डोस भागिले उपलब्ध डोस, गुणिले तो उपलब्ध डोस जितक्या मिलीत आहे ते मिली. पण आकडेमोडीआधी अंदाज बांधा. ऑर्डर ३७५ मिग्रॅ आणि सिरपच्या ५ मिलीत २५० मिग्रॅ, म्हणजे उत्तर ५ ते १० मिलीच्या मधलंच हवं. ७.५ आलं तर ठीक. ७५ आलं तर दशांशचिन्ह सरकलंय. एका डोसला ढीगभर गोळ्या किंवा व्हायल (इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बाटल्या) लागत असतील तरी ऑर्डर पुन्हा वाचायची. लिहिताना '१.०' नको, घाईत १० वाचलं जातं. अर्ध्यासाठी मात्र '०.५' असंच, शून्य न गाळता.

सलाइनचंही तसंच. ५०० मिली ८ तासांत, सेट (सलाइनची नळी) मिलीला २० थेंबांचा: ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. बारीक थेंबांचा मायक्रोड्रिप सेट मिलीला ६० थेंबांचा असतो, म्हणून आधी पाकीट बघा. इन्सुलिनला तर व्हायल आणि सिरिंज शेजारी धरूनच वाचा. मिलीला १०० युनिटचं इन्सुलिन मिलीला ४० युनिटच्या सिरिंजमध्ये खुणेनुसार भरलं तर अडीचपट डोस जातो. इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन अशा औषधांना दुसऱ्या सिस्टरकडून स्वतंत्र पडताळणी हवी. तिला आधी तुमचं उत्तर सांगू नका. पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत पुश करायचं नाही, कधीच नाही.

व्हायटल्स (नाडी, श्वास, बीपी वगैरे) घेणं हे विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारलेलं काम वाटतं, पण औषध द्यायचं की थांबवायचं ते तिथेच ठरतं. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट ठोके मोजायचे. प्रौढ रुग्णात ६० च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. बीपी मोजायचा पट्टा (कफ) दंडाला लहान पडला तर बीपी खोटंच जास्त दिसतं आणि त्यावर उगाच औषध वाढू शकतं. श्वास मोजताना नाडीवरची बोटं तशीच ठेवा. मोजताय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो.

दुसऱ्याने भरून ठेवलेली सिरिंज, कितीही विश्वासू हातातून आली तरी, देऊ नका. रुग्ण म्हणाला, "रोजची गोळी अशी नसते," तर समजूत घालत बसू नका. चार्ट उघडा, सिनियरला बोलवा. चार्टवर सही करायची ती औषध दिल्यावरच. रुग्णाने नाकारलं तर कारणासकट तसं लिहा.