टॉरचा रस्ता: कुठे हात घालावा, कुठे नाही

टॉर म्हणजे तुमची इंटरनेटवरची ये-जा वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरमधून, म्हणजे रिलेंमधून, फिरवून तुमची ओळख लपवणारं जाळं. पत्रकारांना ते शिकवताना एक प्रश्न हमखास येतो: अमुक देशातले रिले वगळता येतील का? येतात. टॉरच्या सेटिंग फाइलमध्ये 'एक्सक्लूडनोड्स' लिहिलं की झालं. तरी मी लिहू देत नाही. सगळ्यांसारखा रस्ता घेण्यातच तुमचं संरक्षण आहे. हाताने निवडलेला रस्ता तुम्हाला गर्दीतून वेगळं काढतो.

आधी ठरवा, लपायचं कुणापासून. रस्त्यात सहसा तीन रिले असतात. पहिल्याला, म्हणजे गार्डला, तुम्ही कोण ते कळतं; शेवटच्या एक्झिटला तुम्ही कुठे जाताय ते. दोन्ही टोकं एकाच्याच नजरेखाली आली, तर डेटा किती आणि केव्हा गेला हे जुळवून तो तुम्हाला ओळखू शकतो. एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला लावलेलं कुलूप, फोडावंही लागत नाही. म्हणून एकेका रिलेपेक्षा गार्ड-एक्झिटच्या जोडीची काळजी करा.

ती बरीचशी टॉर स्वतःच करतं. आयपीव्ही४ पत्त्यातल्या (इंटरनेटवरच्या पत्त्यातल्या) चार आकड्यांपैकी पहिले दोन सारखे असलेले किंवा एकाच मालकाचे म्हणून जाहीर केलेले दोन रिले ते एका रस्त्यात घेत नाही. मालकी लपवणाऱ्यापुढे मात्र हा नियम लंगडा पडतो, आणि म्हणूनच गार्ड महिनोन्‌महिने तोच ठेवलेला असतो. रोज नवा गार्ड घेतला, तर कधी ना कधी वाईट माणसाच्या हाती लागणारच.

टॉर ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीतल्या सर्किटच्या, म्हणजे रस्त्याच्या, चिन्हावर क्लिक करा, रस्ता दिसेल. तिथून नवं सर्किट मागितलं तरी पहिला रिले तोच राहतो. तो बदलावा म्हणून ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल करू नका, कृपा करून! एका कामातून दुसऱ्या कामात जाताना 'नवी ओळख' घ्या. त्याने टॅब बंद होतात, कुकीज पुसल्या जातात. एक्झिटवर भरवसा ठेवायची वेळच येऊ नये म्हणून एचटीटीपीएस (साइटपर्यंतचं एन्क्रिप्शन) नसलेल्या साइटवर पासवर्ड टाकू नका.

हात घालायची खरी जागा एकच: टॉर वापरता हे कळणंच धोक्याचं असेल किंवा टॉर अडवलेलं असेल, तर ब्रिज, म्हणजे जाहीर यादीत नसलेला रिले, घ्या. तो गार्डच्या जागी बसतो. ओळखीच्या माणसाचा खाजगी ब्रिज घेण्याआधी मात्र विचार करा. तो माणूस विश्वासू असेलही, पण तुमच्या लाइनवर नजर ठेवणाऱ्याला त्या पत्त्यावरून तुमचं त्याच्याशी असलेलं नातं कळू शकतं.