नॉनरिस्पॉन्स बायस शिकताना माझं काय काय चुकलं

नॉनरिस्पॉन्स बायस म्हणजे सर्व्हेला उत्तर न देणारे लोक देणाऱ्यांपेक्षा वेगळे असले की निष्कर्ष एका बाजूला झुकतो, तो प्रकार. त्यासाठी एमएससी स्टॅट्सच्या प्रोजेक्टला मी विषय घेतला अमेरिकन सैन्यातल्या लैंगिक अत्याचारांचे सर्व्हे. घरी सांगितलं तर आईला वाटलं पोरगी आता कामठीच्या छावणीत फॉर्म वाटत फिरणार, तिला समजावता समजावता पोहे गार झाले.

पहिली चूक म्हणजे आकडा बघून उडाले. 2012 च्या सर्व्हेत जेमतेम 24 टक्के लोकांनी उत्तर दिलेलं आणि त्यावरून सैन्यातल्या 26,000 जणांवर अत्याचार झाल्याचा अंदाज काढला, मी लगेच लिहून टाकलं की सर्व्हे बेकार. गाइड म्हणाले, कमी रिस्पॉन्स म्हणजे बायस नाही गं, जे बोलले नाहीत ते वेगळे आहेत का ते सांग.

मग घरचंच आठवलं. मे महिन्यात मनीष नगरात भरदुपारी मेट्रो वापराचा सर्व्हे केला होता, दार उघडायचे फक्त रिटायर्ड काका, आणि निष्कर्ष आला की मेट्रोने कोणी जातच नाही! जाणारे बिचारे ऑफिसात होते ना.

सैन्याच्या सर्व्हेत मात्र गंमत अशी की बायस कुठल्या बाजूला झुकेल तेच आधी कळत नाही. समजा 100 पैकी 30 जणींनी फॉर्म भरला, 3 जणी म्हणाल्या हो, अत्याचार झाला, म्हणजे 10 टक्के. गप्प राहिलेल्या 70 मध्ये अशा 2 असतील तर खरा आकडा 5 टक्के, 14 असतील तर 17. जिच्यावर बेतलं ती मुद्दाम भरेल, किंवा नाव फुटायच्या भीतीने फॉर्म उघडणारच नाही, दोन्ही शक्य.

तपासायचं कसं? सैन्याचा एक फायदा आहे, न बोलणाऱ्यांचंही वय, हुद्दा, युनिट रेकॉर्डवर असतं. 2014 ला रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने साधारण 5.6 लाख लोकांना विचारलं, 1.7 लाखांवर लोकांनी उत्तरं दिली. खालच्या हुद्द्याची तरुण पोरं कमी उत्तर देतात आणि धोका त्यांनाच जास्त, म्हणून त्यांच्या उत्तरांना जास्त वजन द्यावं लागतं, म्हणजे त्यांचं एक उत्तर एकापेक्षा जास्त धरायचं, यालाच वेटिंग म्हणतात. शिवाय उशिरा उत्तर देणारे लवकरवाल्यांपेक्षा वेगळे आहेत का ते बघा, न बोलणाऱ्यांतल्या थोड्यांना पुन्हा गाठा, अधिकृत तक्रार केलेल्यांनी फॉर्म भरला का तेही जुळवून बघा. या वजन देण्यावर डोळे मिटून भरवसा मात्र नको, एकाच वयाच्या, एकाच हुद्द्याच्या दोघींमधली कोण का गप्प बसली हे रेकॉर्डमध्ये नसतं. मी माझ्या व्हायवात नेमकी इथेच अडकले, पाच मिनिटं कूलरचा आवाज ऐकत उभी.